पंधरावा गोळा

चौदा झाले. ओल्या पंच्याखाली ताटात बसलेत. पंधरावा गेली दहा मिनिटं माझ्या तळहातात आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

तसा तो तांदळाच्या पिठाचा साधा गोळा. वजन पंधरा ग्रॅम. अंगठ्याने मधोमध हलकंसं दाबलं की झालं. चौदा वेळा तेच तर केलं. पण पंधराव्यापाशी येऊन अंगठा अडून बसलाय. एक मन म्हणतं, दाब आणि मोकळी हो. दुसरं म्हणतं, थांब. सहा वाजता अनिकेत आणि हारुका यायचेत. आत्ता चार वाजून गेले असणार, कारण बंदरातून सुटणाऱ्या क्रूझच्या बोटीचा भोंगा नुकताच झाला. साउथहॅम्प्टनमध्ये तीस-बत्तीस वर्षं काढल्यावर घड्याळाकडे बघावं लागत नाही.

आज कोजागरी. दूध आटत ठेवलंय. आणि आजच हारुकाच्या माणसांचीही चंद्र बघायची रात्र आहे. हारुका म्हणजे माझी सून, अनिकेतची बायको, जपानची. तिच्याकडे हिवाळ्याआधीच्या या पौर्णिमेला खिडकीपाशी गवताचे तुरे ठेवतात, तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे रचतात आणि चंद्राची वाट बघत बसतात. त्या गोळ्यांना दांगो म्हणायचं. पंधराव्या रात्रीचे पंधरा. खाली नऊ, त्यावर चार, त्यावर दोन. त्यांचं आणि आपलं पंचांग कधी जुळतं, कधी एका पौर्णिमेने मागेपुढे होतं. यंदा त्यांची रात्र कोजागरीला आली. दोन वर्षांपूर्वी ती भाद्रपदी पौर्णिमेला आली होती, गणपती गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तो सगळा ऋतू मला त्या एका संध्याकाळीमुळेच आठवतो, आणि तेव्हा मी जो गोंधळ घातला त्याचा निस्तार अजून चाललाय.

त्या वर्षी जूनमध्ये हारुकाचं बाळ गेलं. पोटात होतं तेव्हाच. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस राहिले होते. दिवस गेल्याची बातमी कळली तेव्हा मी ती शहाण्यासारखी कोणाला सांगितली नव्हती, पण वेम्बलीला गेले होते तेव्हा ईलिंग रोडवरून अर्धा किलो अळीव मात्र घेऊन आले होते. बाळंतिणीला लाडू लागतील म्हणून. सहा महिने आधी! आमचे डॉक्टर म्हणालेसुद्धा, "अगं, तेवढ्यात ते शिळे होतील." नंतर ती अळिवाची बरणी मी कपाटात पुढून मागे सरकवली. टाकून देववेना आणि बघवेनाही.

आमचे डॉक्टर म्हणजे माझे यजमान, सुधीर. आयुष्यभर लोकांना भूल दिली. आता रिटायर झालेत. मी त्यांना अजून अहोच म्हणते, त्याची इथल्या मैत्रिणींना फार गंमत वाटते. जूनमध्ये त्यांनी हारुकाला फोनवर सांगितलं, "हे फार कॉमन आहे गं बाळा. तुझा काहीएक दोष नाही. बॉडी तिचं काम करत असते." सगळं खरं होतं आणि प्रेमानेच सांगितलं होतं. पण त्यानंतर तो विषय असा मिटला की पुन्हा उघडायचा कुठून हे कोणालाच सापडेना.

ऑगस्टमध्ये अनिकेतचा फोन आला. "आई, मी तिला थोडे वीक्स तुझ्याकडे पाठवू का? मी दिवसभर ऑफिसला असतो. ती स्टॅनमोरला फ्लॅटमध्ये एकटीच बसते. लॅपटॉपवर काम करते आणि भिंतीकडे बघते." मी म्हटलं, विचारतोस काय, आणून सोड.

तर ती आली. आणि मी काय केलं? खायला घातलं. आमच्या आईची हीच रीत. घरात कोणाचं असं काही झालं की ती तोंडातून चकार शब्द काढत नसे. सकाळी तूप-मेतकूट-भात, दुपारी मुगाची खिचडी, संध्याकाळी खारकेचं दूध. बोलायचं नाही, वाढायचं. मीही तेच केलं. हारुका प्रत्येक वाटी दोन्ही हातांनी घ्यायची, "आई, छान आहे" म्हणायची आणि अर्धी ठेवायची. ती मला तू म्हणते. मराठी अनिकेतच्या तोंडून शिकली, तो मला तू म्हणतो म्हणून तीही तू म्हणते. मी कधी दुरुस्त केलं नाही. मला आवडतं ते.

गणपतीत जरा बरं गेलं. मोदकाच्या कळ्या पाडायला बसली तर पहिल्याच मोदकाला एकोणीस. सुधीर मोजत होते. "सून पास, सासू नापास," असं त्यांनी जाहीर केलं. ती हसली. तीन आठवड्यांतलं पहिलं हसू, मी मनात नोंद केली. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. त्याच रात्री जेवताना तिने ताटाकडे बघत सांगितलं की पुढच्या मंगळवारी ती आईकडे जपानला जातेय. आणि परत? "आय डोन्ट नो, आई. रिटर्नचं नंतर बघू." अनिकेतला माहीत होतं. त्याने मला सांगितलं नव्हतं, आणि मी त्याला विचारलंही नाही. घरात चार शहाणी माणसं आणि चारही मुकी.

बागेत बादलीत विसर्जन झालं त्या संध्याकाळी हारुका माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात आली. "आई, उद्या मी किचन घेऊ का? उद्या आमचा मून व्ह्यूइंग आहे." तिच्या आईने पिठाचं पाकीट पाठवलं होतं. मी म्हटलं, "अगं घे की. आणि मी मदतीला आहे." मदतीला! माझी मदत म्हणजे काय हे तिला बिचारीला काय ठाऊक.

मी इथल्या एका शाळेत विज्ञानाच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं टेक्निशियन होते. द्रावणं बनवायची, वजनं करायची, परीक्षानळ्या सारख्या रांगेत लावायच्या. माझ्या हातून वाकडं काही होत नाही आणि दुसऱ्याच्या हातून झालेलं मला बघवत नाही. मोदकाच्या पाऱ्याही मी काट्यावर तोलते. सुधीर म्हणतात, गणपतीला हिच्या हातचा मोदक खाताना सर्टिफिकेटही मिळत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी हारुकाने पीठ मळायला घेतलं. आपली उकड असते तसं नव्हतं. कोमट पाणी थोडंथोडं घालत ती हाताने मळत होती आणि मध्येच डाव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून बघत होती. मला वाटलं, कान दुखतोय की काय. तर म्हणाली, "आईने शिकवलं. पीठ कानाच्या पाळीएवढं मऊ झालं पाहिजे." मीही माझी पाळी धरून बघितली, मग पीठ दाबून बघितलं. अगदी तस्सं. आम्ही दोघी कान धरून उभ्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. तेव्हा पुन्हा हसली. दुसरं हसू.

चार गोळे तिने केले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आई, गवत पाहिजे." तिकडे त्यासाठी वेगळं गवत असतं, पण पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुढच्या बागेत पॅम्पस गवताचा झाडाएवढा झालेला गुच्छ आहे, त्याचे तुरे तिला चालणार होते. त्या पॅम्पसवरून इंग्लिश लोक गालात का हसतात हे कळायला मला वीस वर्षं लागली होती. पुढच्या बागेत ते लावणारं जोडपं नवरा-बायकोच्या अदलाबदलीबाबत जरा मोकळ्या विचारांचं असतं म्हणे. ते म्हातारे गृहस्थ बिचारे चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. हे सगळं मी हारुकाला सांगितलं तेव्हा ती लाल झाली, पण कात्री घेऊन गेलीच.

ती गेली आणि मी ताटाकडे बघितलं. चार गोळे. प्रत्येकाला वरून चपटा खळगा. मला वाटलं, पोरीचा हात थकलाय, मनही थाऱ्यावर नाही, कसेतरी वळलेत. आपण नीट करून ठेवू. आली की खूश होईल. मी ते चारही मोडले. काटा काढला. पंधरा-पंधरा ग्रॅमचे पंधरा तोलले आणि एकेक असा वळला, असा वळला, की बिलियर्डच्या टेबलावर सोडला असता तर सरळ गेला असता. एवढं मन लावून मी गणपतीचे मोदकही केले नव्हते. तिला काही बोलता येत नव्हतं मला, तर निदान हे तरी. ताटात नऊ, चार, दोन असे मांडून बघितले.

आणि मांडल्यावर मी एक पाऊल मागे सरले. पांढरेशुभ्र, गोल, मीठ नाही की तूप नाही. ताटात ओळीने. उद्यापासून पितृपंधरवडा. मला दुसरं काही दिसेचना. हे तर पिंड. आमच्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला हेच ताट, हेच गोळे, फक्त काळे तीळ तेवढे नव्हते. मी पटकन दुसरीकडे बघितलं. स्वतःलाच दटावलं की अगं, हा तिचा सण आहे, आनंदाचा. आपल्या डोक्यातलं अभद्र त्यात कशाला कालवतेस? आणि त्या पोरीसमोर तर मुळीच नाही.

हारुका तुरे घेऊन दारातून आत आली. ताट बघितलं आणि जागच्या जागी थांबली. तिच्या हातातल्या तुऱ्यांचा कापूस फरशीवर पडत राहिला. तिचा चेहरा बदलला नाही. तो तिचा बदलतच नाही. फक्त रंग उतरला. मग तिने मान लववली आणि म्हणाली, "किती सुंदर झालेत, आई. थँक्यू." तुरे सिंकमध्ये ठेवले आणि वर निघून गेली. दार इतकं हळू लावलं की आपटलं असतं तर बरं, असं मला झालं.

मी तिथेच उभी. काय चुकलं? काहीतरी मोठं चुकलं होतं एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. हात धुतले नव्हते का? धुतले होते. तिने केलेले मोडले म्हणून? ते तिला दिसलं असेल, पण त्याचा एवढा धक्का? सुधीर दुकानातून आले. म्हणाले, "काय झालं? चेहरा असा का?"

"मला कळत नाहीये. तिने गोळे बघितले आणि वर गेली."

त्यांनी ताटाकडे नजर टाकली. "तू तिच्या हातातलं काम काढून घेतलंस, दुसरं काय. तुझी सवय." मग जरा जवळ जाऊन वाकून बघितलं. त्यांनाही तेच दिसलं असणार. पण तेही बोलले नाहीत. पेपर घेऊन बाहेर गेले.

मी खुर्चीवर बसून मंगळवार मोजत होते. पाच दिवस. ही पोरगी अशीच जाणार, आणि पुन्हा येईल की नाही कोण जाणे, आणि जाताना माझी आठवण म्हणून हे ताट घेऊन जाणार. मला रडू आलं. खरं सांगायचं तर बाळासाठी मी तोवर रडले नव्हते. मला रडायचा हक्क आहे की नाही तेच समजत नव्हतं. ज्याचं तोंड बघितलं नाही, ज्याला नाव नाही, त्याच्यासाठी आजीने रडायचं का? मुळात मी आजी झाले होते का?

अर्ध्या तासाने ती खाली आली. तोंड धुतलेलं, केस नीट बांधलेले. माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि ताट मध्ये घेतलं.

"आई, सॉरी. मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं. चंद्राला असे गोल करत नाहीत. आमच्या घरी तरी करत नाहीत. थोडे दाबतात." तिने अंगठा दाखवला. "एकदम गोल दांगो कोणाला असतो, माहितीये? माणूस मेला की त्याच्या उशीजवळ ठेवतात. मी आत आले, आणि मला वाटलं..." पुढे तिला मराठी सापडेना, इंग्रजीही सापडेना. "मला वाटलं, आईला माहीत आहे. आईने मुद्दाम केले. कोणासाठी ते."

मग मी सांगितलं. म्हटलं, "हारुका, मला माहीत नव्हतं. पण मांडल्यावर मलाही तेच दिसलं. आमच्यातही गेलेल्यांना असेच तांदळाचे गोळे देतात. उद्यापासून त्याचेच दिवस. मी घाबरून तुला बोलले नाही."

"तुझ्याकडे पण?"

"हो गं. अगदी हेच."

मग आम्ही दोघी हसायलाच लागलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. एका ताटाला घाबरून दोघी दोन खोल्यांत बसलो होतो. माझं नाक वाहत होतं आणि हाताला पीठ, म्हणून पुसताही येत नव्हतं. तिने टॉवेल दिला.

मग तिने एकेक गोळा घेऊन दाबायला सुरुवात केली. अंगठा टेकवायचा, किंचित, की झालं. मीही दाबले. चौदा झाले. पंधरावा तिने हातात घेतला आणि थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, हा असाच राहू दे?"

आमच्यात इतक्या लहानाचं काही करत नाहीत. दिवस नाहीत, श्राद्ध नाही. आईने मला हे कधीतरी सांगितलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही. करावं की करू नये, शास्त्र काय, मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे."

पंधराही एकाच पाण्यात उकळले. तरंगून वर आले, थंड पाण्यात टाकले, तिने वर्तमानपत्राने वारा घालून चमकवले. गौरीचा पाट खिडकीपाशी मांडून त्यावर रचले. सगळ्यात वर एक दाबलेला आणि एक गोल. त्या दिवशी ढग होते. मी हळहळले तर म्हणाली, "चालतं. ढगामागे असला तरी मांडतातच. तो असतो ना." साडेसातला पाच मिनिटं दिसला. आम्ही तिघांनी चौदा खाल्ले, सुधीरनी गुळाच्या पाकात बुडवून. पाटावर एकटा उरलेला तो गोल त्यांनी बघितला, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुका तो एक बशीत घेऊन उभी होती. कुठे ठेवायचा, तिला कळेना. मलाही कळेना. सुधीर दरवर्षी वडिलांच्या तिथीला बागेतल्या शेडच्या पत्र्यावर भाताचा गोळा ठेवतात. ते चहा तसाच ठेवून उठले, म्हणाले, "शेडवर." स्टूल त्यांनीच आणलं, स्वतः चढून ठेवला. कावळे लांब झाडावर बसून राहिले आणि एक धष्टपुष्ट सीगल आला, त्याने एका घासात उचलला. इथे नेहमी तसंच होतं. हारुकाला मी कावळ्याचं सांगितलं होतं. ती घाबरून म्हणाली, "बाबा, हा चालतो?"

"साउथहॅम्प्टनमध्ये चालतो," सुधीर म्हणाले, आणि स्टूल घेऊन आत गेले. त्या विषयावर ते तेवढंच बोलले, आजतागायत.

मंगळवारी ती गेली. तीन महिन्यांनी परत आली. का गेली आणि का आली हे मी विचारलं नाही. त्या गोळ्याचा त्याच्याशी काही संबंध होता असंही मी म्हणत नाही. कदाचित तिच्या आईने तिला जे वाढायचं ते वाढलं असेल. गेल्या वर्षी चंद्राच्या रात्री तिने स्टॅनमोरहून फोटो पाठवला. पंधरा दांगो, वरच्या दोनातला एक गोल. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी बराच वेळ त्यावर बोट ठेवून मोठा करून बघत बसले होते.

आणि यंदा हारुकाला पुन्हा दिवस गेलेत. चौथा संपत आलाय. जिथवर मागच्या वेळी पोचली होती ते ओलांडून बरीच पुढे आलीय. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम. दोन्ही डॉक्टर, तिथली आणि घरातले. मी मात्र अळीव अजून आणलेले नाहीत. ईलिंग रोडला दोनदा जाऊन आले, दोनदा त्या कप्प्यासमोरून पुढे गेले. धीर होत नाही.

परवा तिचा फोन आला. "आई, या वर्षी दांगो तू कर. मला पीठ उकळायचा वास पण सहन होत नाही. काहीच खाल्लं जात नाहीये." मी म्हटलं, अवश्य. मग ती काही म्हणायला थांबली, मीही थांबले. आणि दोघींनी "बरं मग" म्हणून फोन ठेवला. इतकं सगळं होऊनही!

तर आता सांगा, मी काय करू? गोल ठेवला, तर दिवस गेलेल्या मुलीसमोर मी मृत्यूची खूण मांडून बसले. कुठल्या शहाण्या बाईने असं केलंय? आणि नाही ठेवला, तर दोन वर्षं ज्याला जागा होती त्याची जागा यंदा दुसरं येतंय म्हणून काढून घेतली. ती वरच्या दोघांकडे बघेल तेव्हा तिला काय वाटेल? हायसं वाटेल की तुटेल? मी दोनदा फोन उचलला. काय विचारणार? "तुझ्या पहिल्याचा गोळा करू का?" ठेवून दिला. सुधीरना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतेस? मी भूलवाला." मग मघापासून ते बागेत उगाच शेडभोवतीची पानं झाडतायत.

तळहातातला गोळा कोरडा पडायला लागलाय. एक बारीक चीर गेलीय. मी ओलं बोट फिरवून ती बुजवली आणि पुन्हा वळला. कानाची पाळी धरून बघितली. मऊ आहे. हात थांबत नाहीत, वळतच राहतात, आणि दर वेळी तो आणखी गोल होतो. दाबायला हवा तर आत्ताच. पाणी उकळलं. मी चौदा सोडले. आणि शेवटी हातातला तसाच, न दाबता, सोडून दिला. ठरवलं वगैरे नाही. हातातून सुटला.

पण रचताना पुन्हा तेच. वर ठेवू? समोर, सगळ्यांच्या डोळ्यांत? नऊ खाली लावायला घेतले. तीन, तीन, तीन. मधली जागा रिकामी ठेवून कडेचे आठ लावले. मग गोल उचलला आणि त्या आठांच्या मध्ये ठेवला. वरून चार बसवले, त्यावर दोन. लांबून बघितलं, जवळून बघितलं. कुठूनच दिसत नव्हता. मला वाटलं, हे मी लपवलं का जपलं? ते काही केल्या ठरेना. तेवढ्यात गाडी लागल्याचा आवाज आला.

आकाश गच्च भरलेलं. अनिकेत आत येतानाच म्हणाला, "आई, एम थ्रीवर फुल जॅम होता, आणि मून तर काय दिसतच नाही." हारुका मागून आली, बारीक झालेली, कोट काढला आणि थेट खिडकीपाशी पाटासमोर जाऊन उभी राहिली. तुऱ्यांना हात लावला. मग नजर वर गेली, वरच्या दोघांवर. दोन्ही दाबलेले. मग चारांवर. मी तिच्यामागे उभी, टॉवेल पिळत. तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. तिचा चेहरा काही सांगेना. तो सांगतच नाही.

"अगं, आपला गोल कुठे गेला?"

सुधीर होते. बागेच्या दारात, हातात झाडू, बुटांना पानं चिकटलेली. आपला म्हणाले.

"आहे," मी म्हटलं. "खालच्या नऊंच्या मधोमध. दिसत नाही एवढंच."

हारुका पाटापुढे गुडघ्यांवर बसली. एक डोळा मिटून दोन गोळ्यांच्या फटीतून आत बघायला लागली. बराच वेळ बघत होती. अनिकेतने विचारलं, "दिसतो का?"

"नाही," ती म्हणाली. मग बोटाने वरच्या चारांना हळूच टेकून बघितलं, हलतायत का. "पण हे चार त्याच्यावरच बसलेत."

ती माझा हात धरून उठली. डोळे पुसले, माझ्याच टॉवेलला.

"आई," म्हणाली, "भूक लागली."